सीएस२ वरून व्हॅलोरंटला आलोय, सेन्स जुळवली तरी हात जुळत नाही

गोदाकाठचा_रायफलर:

नमस्कार मंडळी. नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काउंटर-स्ट्राइक हा शूटर गेम सीएसगोपासून खेळतोय, आता सीएस२. आमच्या कॉलेजची व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटरची टीम बनतेय आणि मला ड्युएलिस्ट (पुढे घुसून लढणारा) म्हणून घेतलंय, म्हणून सध्या दोन्ही गेम रोज चालू आहेत.

माझी सेटिंग अशी: माउस ८०० डीपीआय, सीएस२ मध्ये सेन्स (माउसचा वेग ठरवणारा आकडा) १.२, रिझोल्यूशन १२८०×९६०, म्हणजे ४:३ स्ट्रेच्ड (पूर्ण स्क्रीनवर ताणलेलं). नेटवरच्या कॅल्क्युलेटरने व्हॅलोरंटसाठी ०.३७७ दिलं, तेच टाकलंय. तरीही व्हॅलोरंटमध्ये माउस जड वाटतो. डावीकडून कोणी पीक केलं (कोपऱ्यामागून डोकावलं) की क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, डोक्याच्या अलीकडेच थांबतो. उभ्या दिशेला मात्र उलटं, तिथे किंचित जास्तच जातो. एकच आकडा आहे, मग आडवा हळू आणि उभा जलद कसा वाटेल?

दुसरी अडचण. घरी लॅपटॉप ६० हर्ट्झचा आहे, टीमची प्रॅक्टिस कॅफेत १४४ हर्ट्झवर होते. कॅफेतल्या माउसलाही ८०० लावलंय, पण तिथे सगळंच थोडं वेगवान वाटतं.

तिसरं, एडब्ल्यूपीची (सीएसमधली स्नायपर) सवय ऑपरेटरवर (व्हॅलोरंटमधली स्नायपर) कशी न्यायची? मित्र एपेक्स लेजंड्स या गेमलाही ओढतायत, तिथला आकडाही सांगा. फक्त आकडा नको, तो का येतो तेही सांगितलंत तर बरं होईल.

हेडशॉट_हवा:

०.३७७ बरोबर आहे भावा. सीएसचा आकडा भागिले ३.१८, सगळे हेच करतात. एपेक्सला १.२ च ठेव. रोज डेथमॅच (सरावाचा मोड) खेळ, हात बसेल.

मायक्रॉन:

वरचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण तुला जे जाणवतंय तेही खरं आहे. डेथमॅच खेळून ते जाणार नाही, कारण तो सवयीचा प्रश्न नाहीच. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मोजमाप हा रोजचा धंदा. पुण्यातल्या कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक १.६ खेळत मोठा झालो, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

माउस कॉम्प्युटरला अंतर सांगत नाही, फक्त काउंट पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर ८०० काउंट. प्रत्येक काउंटला किती अंश वळायचं हे गेम ठरवतो. सीएसमध्ये सेन्स १ असताना एका काउंटला ०.०२२ अंश. हा आकडा १९९६ च्या क्वेकमधला आहे. हाफ-लाइफचं इंजिन क्वेकवरून निघालं, त्यावर काउंटर-स्ट्राइक उभा राहिला, पुढे सोर्स इंजिन आलं, आणि एपेक्सही सोर्सचंच बदललेलं रूप वापरतो. म्हणून क्वेकपासून एपेक्सपर्यंत तोच आकडा चालतो आणि तुला तिथे १.२ बदलावा लागत नाही. व्हॅलोरंट अनरियल इंजिनवर आहे, तिथे एका काउंटला ०.०७ अंश. ०.०७ भागिले ०.०२२ म्हणजे ३.१८. ओव्हरवॉचमध्ये ०.००६६, म्हणून सीएसच्या १.२ चे तिथे बरोबर ४ होतात.

आता एक सूत्र वहीत लिहून ठेव. एका पूर्ण फेरीला लागणारे सेंटिमीटर = ९१४.४ भागिले (डीपीआय × सेन्स × गेमचा आकडा, म्हणजे एका काउंटचे अंश). ९१४.४ म्हणजे ३६० गुणिले २.५४, अंश आणि इंच दोन्ही त्यात आले. तुझे आकडे घालू: ८०० × १.२ × ०.०२२ = २१.१२, आणि ९१४.४ भागिले २१.१२ = ४३.३ सेंमी. व्हॅलोरंटच्या ०.३७७ लाही ४३.३ च येतात. म्हणजे हाताच्या हिशोबाने दोन्ही गेम जुळलेले आहेत, आणि मागच्या माणसाकडे वळायला दोन्हीकडे २१.६ सेंमीच लागणार.

म्हणून ईडीपीआय नावाच्या आकड्याच्या भानगडीत पडू नकोस. तो डीपीआय गुणिले सेन्स एवढाच असतो आणि एकाच गेममधल्या दोन खेळाडूंची तुलना करायला ठीक आहे. तुझा सीएसमध्ये ९६०, व्हॅलोरंटमध्ये ३०२, आणि फेरी मात्र तीच. सेंटिमीटर सगळ्या गेममध्ये सेंटिमीटरच राहतात. सीएसचा व्यावसायिक खेळाडू सिंपल बरीच वर्षं ४०० डीपीआयवर ३.०९ ने खेळायचा, म्हणजे फेरीला ३३.६ सेंमी. तसाच दुसरा खेळाडू झायवू, त्याचे ४०० आणि २ हे आकडे धरले तर जवळपास ५२ सेंमी. दोघंही जगातले सर्वोत्तम ठरलेले, आणि दोघांत १८ सेंमीचा फरक. म्हणून कोणाचा आकडा उचलण्यापेक्षा आपला आकडा सगळीकडे नीट नेणं मला महत्त्वाचं वाटतं.

मग आडवं जड का वाटतं? कारण तुझा डोळा अंश बघत नाही, स्क्रीनवरचं सरकणं बघतो, आणि ते दिसणाऱ्या कोनावर म्हणजे एफओव्हीवर अवलंबून असतं. खिडकीच्या जवळ उभं राहिलं की बाहेरचा मोठा पट्टा दिसतो आणि लांब गेलं की छोटा, तसंच हे आहे. तेवढ्याच काचेत जास्त अंश बसवले की प्रत्येक अंशाच्या वाट्याला कमी जागा येते.

सीएस२ मध्ये ४:३ ला आडवा कोन ९० अंश, आणि स्ट्रेच्डमुळे ते ९० अंश तुझ्या पूर्ण रुंदीवर ताणले जातात. व्हॅलोरंटमध्ये त्याच रुंदीत १०३ अंश आहेत. क्रॉसहेअरजवळचा वेग अर्ध्या कोनाच्या टॅनने ठरतो. टॅन ४५ = १, टॅन ५१.५ = १.२५७. १ भागिले १.२५७ म्हणजे ०.७९५. हात तेवढाच हलवलास तरी व्हॅलोरंटमध्ये चित्र आडवं सुमारे २० टक्के कमी सरकतं. तुझा क्रॉसहेअर अलीकडे थांबतोय तो यामुळे: डोळा स्क्रीनवरचं अंतर बघून हाताला हुकूम देतो आणि तो हुकूम सीएसच्या ताणलेल्या चित्रावर शिकलेला आहे.

उभ्या दिशेला सीएसचा कोन ७३.७ अंश, व्हॅलोरंटचा ७०.५. तिथे ताण नाही आणि व्हॅलोरंटचा कोन लहान, म्हणून उभं चित्र तुला सुमारे ६ टक्के जलद दिसतं. आडवं हळू, उभं जलद, अगदी तू लिहिलंस तसं. कोणी आकडे न बघता एवढं अचूक निरीक्षण लिहिलं की मला फार आनंद होतो.

यावर मार्ग दोन. पहिला, व्हॅलोरंटची सेन्स १.२५७ पट करायची, म्हणजे ०.४७४. मग क्रॉसहेअरजवळचं आडवं सरकणं जुळेल, पण फेरी ३४.४ सेंमीवर येईल, मागे वळताना जास्त फिरशील आणि उभं आणखी बिघडेल. दुसरा, आणि मी हाच करेन: ०.३७७ ला हात लावायचा नाही, सीएस२ ला १६:९ वर आणायचं. तिथे आडवा कोन १०६.३ अंश होतो, व्हॅलोरंटच्या १०३ च्या अगदी जवळ. मग आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना तोच ६ टक्क्यांचा फरक उरतो, तोही दोन्हीकडे सारखा. हात तेवढा झेपवतो. व्हॅलोरंटमध्ये ४:३ निवडून हे जुळणार नाही, तिथे कोन १०३ च राहतो.

लॅपटॉपवर १६:९ मुळे फ्रेम पडत असतील तर १२८०×७२० लाव. चित्र थोडं भरड होईल, पण ते १२८०×९६० पेक्षा हलकं आहे आणि कोन योग्य मिळेल.

ठाण्याची_ट्रेसर:

मायक्रॉन, गणित सुरेख मांडलंत, पण निष्कर्ष मला पटत नाही. मी ओव्हरवॉच पहिल्यापासून, म्हणजे २०१६ पासून खेळतेय, अधूनमधून व्हॅलोरंटही. ओव्हरवॉचमध्ये माझी फेरी ३० सेंमीच्या आसपास आहे आणि व्हॅलोरंटमध्ये ४५ च्या वर, आणि हे मी समजून उमजून ठेवलंय. ट्रेसर हे पात्र खेळताना दर क्षणाला मागे वळावं लागतं, फारा या उडणाऱ्या पात्राला वर शोधावं लागतं, समोरच्याच्या अंगावर क्रॉसहेअर सतत धरून ठेवावा लागतो. व्हॅलोरंटमध्ये कोपऱ्यावर डोक्याच्या उंचीला क्रॉसहेअर ठेवून वाट बघायची असते, हात बोटभर हलतो. कामं वेगळी आहेत, मग सेंटिमीटर एकच का असावेत?

रायफलर, तुझे दोन्ही गेम एकाच जातीचे आहेत म्हणून तुला एकच फेरी चालेल. एपेक्सला मात्र १.२ वर अडून राहू नकोस. तिथे माणसं घसरत, उड्या मारत जातात आणि एकाला पाडायला बऱ्याच गोळ्या लागतात, सतत मागोवा घ्यावा लागतो. १.५ पासून सुरुवात करून बघ, मला तरी ते हाताला मोकळं वाटतं.

मायक्रॉन:

ताई, हे मान्य. खेळाचं काम बदललं तर फेरीही बदलू दे. माझा आग्रह एवढाच की ती माहीत असावी. तुम्हाला ३० आणि ४५ हे आकडे तोंडपाठ आहेत, म्हणून तुम्ही माउस बदललात तरी परत त्याच जागी येऊ शकता. ‘थोडं वाढवलं, थोडं कमी केलं’ असं करणाऱ्यांना ते जमत नाही. एपेक्सच्या १.५ ला फेरी ३४.६ सेंमी येते, रायफलरने तीही लिहून ठेवावी.

गोदाकाठचा_रायफलर:

दादा, ताई, खूप आभार. सीएस १६:९ केलं, १२८०×७२० वर. व्हॅलोरंटमध्ये लगेच फरक जाणवला, डावीकडचे पीक आता लागतायत. पहिले दोन सामने सीएसमध्ये माणसं बारीक दिसत होती, ते मात्र अजून खटकतंय.

आईची शिवणाची टेप घेऊन घरी सीएस२ मध्ये फेरी मोजली, ४३.५ आली. कॅफेत तीच सेटिंग, तर ४१. विंडोजमधलं ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ दोन्हीकडे बंद आहे. मग हा फरक कुठून आला? आणि एडब्ल्यूपीचं राहिलंच. माझं झूमचं सेटिंग १.० आहे, कधी बदललं नाही.

मायक्रॉन:

टेपने मोजलंस, शाब्बास. ४३.५ आणि ४३.३ हा टेपचाच फरक समज, घरचा माउस उत्तम आहे.

कॅफेत विंडोजचा दोष नाही. सीएस२ माउसचे काउंट थेट घेतो, विंडोजचा पॉइंटर वेग त्यात येतच नाही. व्हॅलोरंटमध्येही ‘एनहान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद आहे तोवर काळजी नको. फरक माउसचाच आहे. डब्यावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ८०० लिहिलं म्हणजे सेन्सर बरोबर ८०० काउंट देतो असं नाही, दोन-चार टक्के इकडेतिकडे अगदी सर्रास असतं. तुझ्या कॅफेतल्याचा हिशोब: ४३.३ भागिले ४१ गुणिले ८०० = ८४५. म्हणजे खरा डीपीआय ८४५ च्या आसपास. त्या मशीनवर सीएस १.१४ आणि व्हॅलोरंट ०.३५७ ठेव, फेरी ४३ वर येईल. दोन्ही गेमच्या सेटिंग तुझ्या अकाउंटबरोबर फिरतात, त्यामुळे घरी आल्यावर १.२ आणि ०.३७७ परत टाकायला विसरू नकोस. त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे स्वतःचा माउस सॅकमध्ये टाकून कॅफेत नेणं. आकार, वजन, सेन्सरची जागा सगळं तेच राहतं. सेन्सर पुढे असलेला माउस मनगटाने फिरवला की त्याच हालचालीला जास्त काउंट देतो, आणि तो फरक कुठल्याही सेटिंगने पूर्ण जात नाही.

मोजताना एक पथ्य. फेरी मोजताना माउस उचलायचा नाही, कारण ठेवताना तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतोच. ४३ सेंमीची फेरी साध्या ४५ सेंमीच्या पॅडवर जेमतेम बसते. म्हणून माउसचा सेन्सर पॅडच्या डाव्या टोकाच्या जेमतेम आत ठेवून सुरुवात कर, माउसची डावी बाजू पॅडबाहेर गेली तरी चालेल, पट्टी वर आडवी ठेवून माउस तिच्या कडेने सरकव, आणि भिंतीचा एखादा उभा कोपरा धरून परत त्याच कोपऱ्यावर ये. तीन रीडिंग घे आणि मधलं धर.

६० आणि १४४ हर्ट्झचा फरक टेपने मोजता येणार नाही, पण जाणवतो. ६० वर चित्र उशिरा येतं म्हणून माउस ओढल्यासारखा वाटतो. त्यासाठी सेन्स वाढवू नकोस.

आता एडब्ल्यूपी. सीएस झूममध्ये सेन्सला कोनाच्या साध्या गुणोत्तराने कमी करतो. पहिल्या झूमचा कोन ४० अंश, म्हणून ४० भागिले ९० = ०.४४४. पण वर बघितलं तसं स्क्रीनवरचा वेग टॅनने चालतो: टॅन २० भागिले टॅन ४५ = ०.३६४. दोन्हींचं गुणोत्तर ०.८१९. ‘झूम सेन्सिटिव्हिटी’चा ०.८१९ हा जो आकडा लोक एकमेकांना देतात, तो इथून आला. तो टाकला की क्रॉसहेअरजवळ झूमचा आणि बिनझूमचा वेग एकच होतो. तुझ्या १.० वर झूममध्ये चित्र त्याच्या २२ टक्के जलद सरकतं. दुसऱ्या झूमला कोन १० अंश, तिथे हाच हिशोब ०.७८७ देतो, म्हणून एकाच आकड्यात दोन्ही झूम अचूक बसत नाहीत. माझं मत पहिला झूम जुळवावा, कारण एडब्ल्यूपीचे बहुतेक शॉट पहिल्या झूमवरच लागतात. अर्थात १.० वर तुझा हात वर्षानुवर्षं बसलाय, तो मोडायला मी सांगणार नाही.

ऑपरेटरचा पहिला झूम २.५ पट आहे. त्यासाठी आकडा शोधू नकोस, मोज. व्हॅलोरंटच्या सरावाच्या रेंजमध्ये उभा राहा, झूम लावू नकोस, क्रॉसहेअर एका खुणेवर धर आणि माउस बरोबर १०.८ सेंमी सरकव. ही पाव फेरी. जिथे पोचलास ती जागा लक्षात ठेव आणि परत ये. आता पहिला झूम लाव आणि त्याच जागेपर्यंत किती सेंमी लागतात ते बघ. सीएसमध्ये १.० वर एडब्ल्यूपीच्या पहिल्या झूमला पाव फेरीसाठी २४.४ सेंमी लागतात. ऑपरेटरला समजा २० लागले, तर व्हॅलोरंटच्या स्कोप मल्टिप्लायरला २० भागिले २४.४ ने गुण. अंतर आणि मल्टिप्लायर व्यस्त प्रमाणात आहेत, एका फेऱ्यात जमतं. ०.८१९ वर गेलास तर २४.४ च्या जागी २९.७ धर.

वाड्यावरचा_डिफेंडर:

चांगला धागा. मी रेनबो सिक्स सीज खेळतो, सीएसवरूनच आलोय, १.२ च्या जवळच आहे माझं. पण सीजमध्ये स्लायडर पूर्णांकातच सरकतो. ४ हळू वाटतं, ५ जलद. मधलं काही मिळतच नाही. कसं करायचं?

ठाण्याची_ट्रेसर:

ओव्हरवॉचवाल्यांसाठी टॅनचा तोच हिशोब: विडोमेकर या स्नायपर पात्राच्या स्कोपची सेन्स ३८ च्या जवळ ठेवा, क्रॉसहेअरजवळचा वेग बिनझूमशी जुळतो. मी आधी नुसत्या अंदाजाने ४० वर होते, आता ३८ केलंय आणि लांबचे शॉट स्थिर वाटतायत.

मायक्रॉन:

डिफेंडर, सीज कोन रेडियनमध्ये मोजतो. मूळ सेटिंगवर स्लायडरच्या एका घराला एका काउंटमागे ०.००५७३ अंश. सीएसच्या १.२ ला एका काउंटमागे ०.०२६४ अंश लागतात. भागाकार ४.६१, म्हणून ४ आणि ५ च्या मध्ये अडकलायस.

डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात रेनबो सिक्स सीजचा फोल्डर, त्यात तुझ्या अकाउंटच्या लांबलचक नावाचा फोल्डर, आणि त्यात गेमसेटिंग्ज नावाची फाइल. ती नोटपॅडमध्ये उघड. ‘माउस सेन्सिटिव्हिटी मल्टिप्लायर युनिट’ या ओळीपुढे ०.०२ असेल. तिथे ०.००९२१५ लिही आणि गेममध्ये आडवा-उभा दोन्ही स्लायडर १० वर ठेव. १.२ बरोबर बसेल. पुढे बारीक बदल करायचा झाला तर आणखी लहान आकडा घेऊन स्लायडर ४०-५० च्या घरात ने, एकेक घर मग फार छोटं होतं. सीजमधला एफओव्ही उभा मोजलेला असतो, त्यामुळे तिथला ७३ किंवा ७४ म्हणजे सीएसची उभी चौकट. त्यावर ठेवलंस आणि १६:९ वर खेळलास तर बिनझूमचं सगळं सीएसशी जुळेल.

फाइल बदलताना गेम पूर्ण बंद असू दे, नाहीतर बाहेर पडताना तो आपले जुने आकडे परत लिहून ठेवतो.